४२२००१ : नाशिकच्या पिनकोडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टपालखात्यात सॉर्टिंगला होतो. ४२२००१ हा आकडा किती हजार पाकिटांवर पाहिला असेल याचा हिशेब नाही, पण तो फक्त कोणत्या खणात टाकायचा एवढंच तेव्हा बघायचो. निवृत्तीनंतर नातवाने सहज विचारलं, "आजोबा, याला कशाने भाग जातो?" आणि कागद-पेन्सिल बाहेर आली. आता सोसायटीतली मुलं, त्यांचे आईबाप आणि कट्ट्यावरची मित्रमंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. प्रत्येक उत्तरात एक गोष्ट बघायची सवय मला लागली आहे : समोर दिसतंय ते कारणाने घडलंय की निव्वळ योगायोग आहे? गणितात दोन्ही असतं, आणि दोन्हींची गल्लत करणारे लोकही भरपूर असतात.

प्र. मुळात हा आकडा आला कुठून?

पिनकोडाची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, आणि संस्कृतचे कवीसुद्धा. पहिला अंक ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग : महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन अंक, ४२२, टपालाची छाननी करणारा जिल्हा सांगतात. शेवटचे तीन बटवडा करणारं पोस्ट. रविवार कारंजा, एम. जी. रोड हा जुन्या नाशिकचा भाग ००१ मध्ये येतो. म्हणजे या आकड्याचा अर्थ माणसाने ठरवलेला आहे, त्याचे गणिती गुण मात्र कुणी ठरवलेले नाहीत. वेलणकरांनी त्याला ९ ने भाग जावा म्हणून काही केलं नव्हतं.

प्र. चार लाख बावीस हजार एक. एवढ्याशा संख्येला मोठी म्हणायचं का?

कुणाच्या मानाने, त्यावर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली एक मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. ती छापायला घेतली तर आमच्या जुन्या ऑफिसातले सगळे खण भरूनही कागद उरेल. तिच्यापुढे ४२२००१ म्हणजे धुळीचा कण. पण हाताने हिशेब करणाऱ्याला सहा अंक पुरेसे मोठे असतात : उत्तर डोळ्यांना दिसत नाही, आणि बसलं तर एका दुपारी हाती लागतं.

प्र. हिला कशाकशाने भाग जातो?

अंकांची बेरीज करा : ४ + २ + २ + ० + ० + १ = ९. म्हणजे ९ ने निःशेष भाग जाणार, शाळेत शिकलेली कसोटी. भागाकार येतो ४६८८९. आणि इथे गाडी थांबते, कारण ४६८८९ ही मूळ संख्या आहे. म्हणून

४२२००१ = ३ × ३ × ४६८८९

आणि तिचे विभाजक फक्त सहा : १, ३, ९, ४६८८९, १४०६६७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकी पाचांची बेरीज १,८७,५६९ होते, संख्येच्या निम्म्याहूनही कमी. अशा संख्येला न्यून संख्या म्हणतात. त्यात विशेष काही नाही, बहुतेक संख्या न्यूनच असतात.

प्र. ४६८८९ मूळ आहे हे कशावरून? मोबाइलवर पाहिलं?

मोबाइलवर नंतर पाहिलं. आधी हाताने केलं. संख्या मूळ आहे का हे तपासायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, पुढे जायची गरज नसते : दोन अवयव असतील तर त्यातला एक तरी वर्गमूळाहून लहान किंवा तेवढाच असणार. ४६८८९ चं वर्गमूळ २१६ च्या थोडंसं पुढे आहे. त्याच्या आत २ पासून २११ पर्यंत ४७ मूळ संख्या आहेत. २, ३, ५ आणि ११ कसोटीनेच बाद होतात, उरलेल्यांनी भागाकार करत बसायचं. चहा दोनदा गार झाला.

यात एक गंमत सापडली. ७ ने भागलं तर बाकी ३. १७ ने भागलं तरी ३. आणि पार शेवटाकडे १९७ ने भागलं तरी ३. मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. मग लक्षात आलं की तीन पावलं मागची संख्या, ४६८८६, ही २ × ७ × १७ × १९७ अशी आहे. तिघांनी एकाच शेजाऱ्याचं दार वाजवलं होतं. तिघांच्या बाक्या सारख्या येण्याला कारण आहे, पण तो शेजारी नेमका तीन पावलांवर राहत होता हा योगायोग.

प्र. द्राक्षबागेचं कोडं काय आहे?

हे मी निफाडकडच्या पाहुण्यांना घालतो. तुमच्याकडे वेलींची ४२२००१ रोपं आहेत. दोन चौकोनी बागा लावायच्या, दोन्हींत जितक्या ओळी तितकीच एका ओळीत रोपं, आणि एकही रोप उरता कामा नये. जमेल का?

जमतं. एक बाग ६०० बाय ६००, दुसरी २४९ बाय २४९. पहिलीत ३,६०,००० रोपं, दुसरीत ६२,००१. बेरीज करून बघा. आणि दुसरी कुठलीही जोडी चालत नाही, हेच एकमेव उत्तर आहे.

का जमतं, ते सांगतो, कारण मला या अख्ख्या पानात हेच सर्वांत देखणं वाटतं. ज्या विषम मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते, आणि एकाच प्रकारे. हे फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात सांगितलं आणि अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केलं. ४६८८९ चे शेवटचे दोन अंक ८९, त्याला ४ ने भागून बाकी १. म्हणजे जोडी असणारच. पण आहे हे कळणं वेगळं आणि सापडणं वेगळं. मी वरून सुरुवात केली : २१६ चा वर्ग वजा करा, उरतात २३३, तो वर्ग नाही. २१५ चा केला, उरले ६६४, नाही. असं उतरत उतरत २०२ पाशी आलो. २०२ चा वर्ग काढून उरले ६०८५, आणि ७८ चा वर्ग असतो ६०८४! एकाने हुकलं. कागद बाजूला ठेवून उठलोच होतो. दोनच पायऱ्या खाली २०० होते : ४०,००० गेले, उरले ६८८९, आणि तो ८३ चा वर्ग.

तर ४६८८९ = २०० चा वर्ग + ८३ चा वर्ग. पिनकोड याच्या ९ पट, आणि ९ हा स्वतः ३ चा वर्ग, म्हणून दोन्ही बाजू तिप्पट करायच्या : ६०० आणि २४९. आता पिनकोडाला दुसरी जोडी का नसावी? कोणत्याही वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १ च उरते. दोन वर्गांची बेरीज ३ ने भागली जायची तर दोन्हींची बाकी ० हवी, म्हणजे दोन्ही बाजू ३ च्या पटीत हव्यात. मग ३ काढून टाकला की पुन्हा ४६८८९ वरच येतो, आणि तिथे जोडी एकच.

याच जोडीतून एक काटकोन त्रिकोणही निघतो. कर्ण ४२२००१, बाकी दोन बाजू २९७९९९ आणि २९८८००. एवढ्या मोठ्या त्रिकोणात दोन बाजूंत फरक फक्त ८०१ चा. पायथागोरसची पडताळणी ज्याची त्याने करावी, मी दोनदा केली आहे.

प्र. उलट वाचली तर?

१००२२४. सरळ आणि उलट यांची बेरीज केली तर ५२२२२५, जी दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते. पोरांना हा चमत्कार वाटतो. नाही. बेरीज करताना कुठेच हातचा येत नसेल तर असं होणारच.

प्र. कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत कशी लिहायची?

११००१११०००००१११०००१. एकोणीस जागा, त्यात एक हा अंक नऊ वेळा. अंकांची बेरीजही नऊ आणि इथेही नऊ. हा मात्र शुद्ध योगायोग, यावर कुणी ग्रंथ लिहू नये.

प्र. या सगळ्यात कापरेकर गुरुजी कुठून येतात?

नाशिकमध्ये बसून आकड्यांशी खेळायचं आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही, हे गोदाकाठी राहून रामकुंड माहीत नसण्यासारखं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पीएचडी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. शाळा सुटली की संख्या. बऱ्याच पुस्तिका पदरमोड करून छापल्या. अनेक पंडितांनी हे पोरखेळ म्हणून सोडून दिलं, पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. १९८६ मध्ये देवळालीतच वारले. पिनकोड सुरू झाला तेव्हा ते निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती.

त्यांनी संख्यांच्या ज्या जाती शोधल्या, त्यांना नावंही मोठ्या प्रेमाने दिली. एका जातीचं नाव डेम्लो, आगगाडीच्या स्टेशनावरून : आजचं डोंबिवली. त्यांच्या चाळण्यांमधून आपला पिनकोड गाळून बघू.

प्र. ४२२००१ हर्षद संख्या आहे का?

आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी, नाव कापरेकरांचंच. इथे बेरीज ९, आणि ९ ने भाग जातोच. शेजारच्यांची परीक्षा घेतली : पंचवटी ४२२००३ ची बेरीज ११, भाग जात नाही. सातपूर ४२२००७, नाशिकरोड ४२२१०१, त्र्यंबक ४२२२१२, देवळाली कॅम्प ४२२४०१, सगळे नापास. मी तपासलेल्यांत हर्षद एकटं जुनं नाशिक. (यावर पंचवटीकरांनी मनाला लावून घेऊ नये.)

प्र. आणि स्वयंभू संख्या?

ही कल्पना फार गोड आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. १५ घेतली तर १५ + १ + ५ = २१, म्हणजे २१ ची आई १५. पण काही संख्यांना अशी आईच नसते. २० घ्या, ३१ घ्या, कितीही शोधा, कुणातूनही त्या निघत नाहीत. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं, आणि आपल्या गावावरून देवळाली संख्या असंही.

४२२००१ ला आई आहे : ४२१९७४. तिच्या अंकांची बेरीज २७, मिळवून बघा. म्हणजे ती स्वयंभू नाही. मला वाटलं निदान देवळालीचा पिनकोड तरी देवळाली संख्या निघेल. कसचं काय. ४२२४०१ ची आई ४२२३८१ निघाली. गुरुजींच्या स्वतःच्या पत्त्यावरचा आकडा त्यांच्या गावाच्या नावाच्या जातीत बसत नाही.

त्र्यंबकला तर दोन आया आहेत! ४२२१९२ मध्ये २० मिळवले तरी ४२२२१२, आणि ४२२२०१ मध्ये ११ मिळवले तरी तेच. अशांना कापरेकर जंक्शन संख्या म्हणत, सर्वांत लहान जंक्शन १०१. ज्योतिर्लिंग स्वयंभू मानतात त्या गावच्या पिनकोडाला आई एक नाही, दोन.

मग स्वयंभू कुठे आहे? अगदी शेजारी : ४२२००२, शरणपूर रोडच्या पाट्यांवर दिसतो तो. हे सिद्ध करणं अवघड नाही. आई असलीच तर ती ४२१९ ने सुरू होणारी असली पाहिजे, कारण ४२१८ वाल्या तिथवर पोचत नाहीत आणि ४२२००० पासून पुढच्या तिला ओलांडून जातात. ४२१९ च्या पुढे दोन अंक लिहायचे. मांडणी केली की हिशेब एवढाच उरतो : पहिल्या अंकाची ११ पट आणि दुसऱ्याची २ पट मिळून ८६ व्हायला हवेत. ८६ सम, म्हणून पहिला अंक समच हवा. ८ घेतला तर ८८ होऊन जास्त झालं, ६ घेतला तर ६६ आणि उरलेल्या २० साठी दुसरा अंक १० लागेल, जो अंकच नाही. त्याखाली तर अजून मोठा लागेल. संपलं. इतकी वर्षं एका खणापलीकडे स्वयंभू संख्या होती आणि मी तिच्यात लग्नपत्रिका टाकत होतो.

प्र. ६१७४ चा खेळ पिनकोडाला लावला तर काय होतं?

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी चार अंकांचा. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा, वजा करा. उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथेच राहतं. पिनकोडाचं जन्मवर्ष १९७२ घेऊन बघा : ९७२१ − १२७९ = ८४४२, पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्यांदा ६१७४. या वर्षाला पूर्ण सात लागतात.

आता ४२२००१. उतरता क्रम ४२२१००, चढता ००१२२४.

४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६
८७६४२० − ०२४६७८ = ८५१७४२
८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३
८७५४३० − ०३४५७८ = ८४०८५२
८८५४२० − ०२४५८८ = ८६०८३२
८८६३२० − ०२३६८८ = ८६२६३२
८६६३२२ − २२३६६८ = ६४२६५४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

येरे माझ्या मागल्या! पहिल्या वजाबाकीला जिथे पोचलो होतो तिथेच परत. यापुढे कितीही वजाबाक्या करा, सात मुक्कामांची हीच फेरी. चार अंकांच्या खेळात मधोमध ६१७४ बसलेला असतो, इथे मध्ये कुणीच नाही. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करावी आणि दरवेळी पायऱ्या सुरू होतात तिथेच यावं, तसं. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि उठवून सांगावं असं घरात कुणी नव्हतं, सगळे झोपले होते.

प्र. थांबत का नाही? कधीतरी थांबायला हवं ना?

थांबायला हवं असं नाही. पुन्हा कुठेतरी यायला मात्र हवंच. याचं उत्तर सॉर्टिंगवाल्याला लगेच पटतं. खण मोजके आहेत आणि तुम्ही एकामागून एक पाकीट टाकतच चाललात, तर केव्हातरी आधी वापरलेल्या खणात पाकीट पडणारच. आणि या खेळात एकदा जुन्या खणात आलात की पुढची वाट ठरलेली.

खण किती? मी समजत होतो लाखो असतील. आहेत फक्त २१९. अंक उतरत्या क्रमाने लावा : ४, २, २, १, ०, ०. बाहेरच्या जोडीतला फरक ४ − ० = ४, मधल्या जोडीतला २ − ० = २, आतल्या जोडीतला २ − १ = १. वजाबाकीचं उत्तर या तीन फरकांवरच ठरतं : पहिल्याची ९९,९९९ पट, दुसऱ्याची ९,९९० पट, तिसऱ्याची ९०० पट. ३,९९,९९६ + १९,९८० + ९०० = ४,२०,८७६. बरोबर आलं. बाहेरचा फरक मधल्याहून लहान नसतो, मधला आतल्याहून लहान नसतो, आणि कुठलाही ९ हून मोठा नसतो. अशा तिकड्या २२० होतात, त्यातली सगळी शून्यं असलेली सोडायची, कारण ती फक्त सगळे अंक सारखे असले तरच येते. उरल्या २१९. देशभरातले सगळे पिनकोड पहिल्या वजाबाकीतच एवढ्या खणांत येऊन पडतात.

सहा अंकांच्या खेळात शेवट तीनच प्रकारचे आहेत. ५४९९४५ वर थांबणं, ६३१७६४ वर थांबणं, किंवा वरची सात मुक्कामांची फेरी. बहुतेक संख्या फेरीतच सापडतात. त्यामुळे आपला पिनकोड फेरीत गेला यात नवल नाही. तो एकाच वजाबाकीत गेला, हे मात्र नशीब.

प्र. बाकीच्या नाशिककरांचे पिनकोड कुठे जातात?

शरणपूर रोड तीन वजाबाक्यांत फेरीत शिरतो, ८६०८३२ च्या दाराने. नाशिकरोडलाही तेच दार, पण सहा वजाबाक्या लागतात. तिथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटं छापतात, तेव्हा त्या गावाला जरा जास्त काम असणारच. पंचवटी आणि देवळाली कॅम्प यांची गंमत अशी की दोघांचे फरक ४, ३, ० असेच येतात, म्हणून पहिल्याच वजाबाकीत दोघं एका खणात : ४२९९६६. मग ७४९९४३, ६५२६४४, आणि चौथ्यांदा ४२०८७६. म्हणजे देवळालीकर मास्तरांचा पिनकोड आणि आपला, दोन्ही एकाच दाराने आत जातात. त्र्यंबकला नऊ लागतात : २९९९९७, ७१९९७३, ८५९९३२, ७६२६३३, ५३२६६५, मग पंचवटीची वाट धरून ४२९९६६ आणि पुढे तेच.

फेरीत न सापडलेला मला एकच भेटला, सातपूर. ४२२००७ चे ७३९९५३, त्याचे ६६१७३४, त्याचे ६३१७६४, आणि तिथे शांत. पुन्हा वजा केलं तरी ६३१७६४ च. औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्या चालतात आणि पिनकोड मात्र तीन पायऱ्यांत झोपी जातो.

प्र. ४२२००१ ही 'कापरेकर संख्या' पण आहे का?

नाही. ती वेगळी जात. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, त्यांची बेरीज पुन्हा तीच संख्या यायला हवी. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. सहा अंकांत १४२८५७ ही आहे : वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. आपल्या पिनकोडाचा वर्ग १७८०८४८४४००१, तुकड्यांची बेरीज १०२२०८५. जवळपासही नाही.

प्र. बेरीज नऊ येते म्हणजे हा आकडा शुभ आहे ना? फ्लॅट घेताना बघायला हवं का?

फ्लॅट घेताना पाण्याची वेळ आणि पार्किंग बघा. दर नऊ संख्यांमागे एकीला ९ ने भाग जातोच.

प्र. मुलांनी हाताने वजाबाक्या केल्या तर चूक झाली हे कळणार कसं?

हे मला सर्वांत जास्त वेळा विचारतात. उपाय साधा आहे. अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून मोठी संख्या आणि लहान संख्या यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते, आणि वजाबाकीत ती उडून जाते. तेव्हा प्रत्येक उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे. वरची सगळी उत्तरं तपासा, अंकांची बेरीज १८, २७, ३६, ४५ अशीच काहीतरी येईल.

त्र्यंबकच्या बसमध्ये बसून मी ४२२२१२ चा हिशेब करत होतो. खड्ड्यात गाडी आदळली आणि ५३२६६५ च्या जागी ५३२५६५ लिहिलं गेलं. बेरीज केली तर २६. लगेच कळलं, दुरुस्त केलं. पण दोन अंकांची अदलाबदल झाली, समजा ५२३६६५ लिहिलं, तर बेरीज २७ च राहते आणि ही कसोटी गप्प बसते. तरी या खेळात बिघडत काही नाही, पुढच्या पायरीला अंक पुन्हा क्रमाने लावायचेच असतात, तेव्हा चूक आपोआप बुजते. सॉर्टिंगला असं सुख कधी नव्हतं. तिथे ४२२१०१ चं ४२२०११ वाचलं की नाशिकरोडचं पाकीट भलत्याच बटवड्याच्या थैलीत जायचं आणि दोन दिवसांनी आमच्याच टेबलावर परत यायचं.